विमानाचा आवाज आणि आकाशातील उतार

सायकलवरून घाट उतरताना पेडल मारावे लागत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण मध्येच सपाट रस्ता लागला तर? तेथे पुन्हा पाय चालवावे लागतात. पुढे थोडा उतार, मग पुन्हा सपाटी, पुन्हा पेडल. असा घाट उतरून आलेला मुलगा धापा टाकत पोचतो. सलग उतारावरून आलेला मात्र ताजातवाना असतो. उतरणाऱ्या विमानाचेही असेच आहे. फरक एवढाच, की विमानाच्या धापा खाली राहणाऱ्या हजारो माणसांना ऐकाव्या लागतात.

जिना की घसरगुंडी?

मोठ्या विमानतळांवर विमाने बरीच वर्षे जिना उतरल्यासारखी खाली येत आली आहेत. गर्दीच्या वेळी आजही कित्येक ठिकाणी ती तशीच येतात. थोडे खाली यायचे, काही किलोमीटर सपाट उडायचे, पुन्हा थोडे खाली यायचे. धावपट्टी जवळ आली की शेवटचा उतार सुरू होतो. हा उतार बहुधा ३ अंशांचा असतो. तो कसा दिसतो ते पाहायचे असेल, तर एक मीटर लांबीची फळी घ्या आणि तिचे एक टोक ५ सेंटिमीटर उचला. झाला जवळजवळ ३ अंशांचा उतार!

उतार एवढासा दिसतो, पण त्याची मदत मोठी असते. ६० टन वजनाचे विमान या उतारावर असताना त्याच्या वजनाचा सुमारे विसावा भाग, म्हणजे ३ टनांएवढे बल, त्याला मार्गावरून पुढे खेचत असते. हवेच्या विरोधाचा मोठा भाग या फुकटच्या बलाने भागतो आणि इंजिने मंद ठेवता येतात. सपाट उड्डाणात मात्र हा सगळा विरोध इंजिनांनाच पेलावा लागतो. त्यातून वेग कमी करण्यासाठी पंखांच्या मागच्या झडपा बाहेर काढलेल्या असतील, तर हवेचा विरोध आणखी वाढतो. इंजिनांचा जोर वाढवावा लागतो आणि आवाजही वाढतो.

म्हणजे जिन्याचे तोटे दोन. विमान जमिनीच्या जवळून जाते आणि वर इंजिनही जोरात चालते.

डेसिबलचा हिशेब

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात, पण ही मोजपट्टी साधी नाही. पातळी ३ डेसिबलने वाढली, की ध्वनीची तीव्रता दुप्पट होते. १० डेसिबलने वाढली, की ती दसपट होते. आपला कान मात्र या दसपट वाढीला साधारण ‘दुप्पट मोठा आवाज’ समजतो.

अंतराचाही नियम लक्षात ठेवा. मोकळ्या हवेत ध्वनी चहूकडे पसरतो, म्हणून उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजे पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. ५०० मीटरऐवजी १००० मीटरवरून विमान गेले, तर इंजिनाला हातही न लावता एवढा फायदा पदरात पडतो.

नियंत्रकाची अडचण

मग सगळीच विमाने सलग उतारावरून का आणत नाहीत? याचे उत्तर हवाई वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत सापडते. एकामागून एक येणाऱ्या विमानांत विमानतळाजवळ साधारणपणे ५.५ किलोमीटर अंतर ठेवावे लागते. पुढचे विमान जड असेल तर त्याहूनही अधिक. सलग उतारावर प्रत्येक विमानाचा वेग त्याच्या वजनाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे निराळा बदलतो. मागचे विमान पुढच्याला गाठू लागले तर?

नियंत्रकाला विमान दिसते ते रडारच्या पडद्यावर. विमानतळावरील रडारची फिरती अँटेना एक फेरा साधारण ५ सेकंदांत पुरा करते. ताशी ४५० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्या वेळात ६०० मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. अशा वेळी विमानाला एका उंचीवर सपाट उडत ठेवणे आणि जागा झाली की खाली बोलावणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो. जिना आळसामुळे नव्हे, तर सावधगिरीमुळे तयार झाला आहे.

नव्या तंत्राने ही अडचण बरीच सोपी केली. आता विमान उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा स्वतः ठरवते आणि सेकंदाला साधारण दोनदा रेडिओने जाहीर करते. जमिनीवरील संगणक त्यावरून कोणते विमान कधी पोचेल याचे गणित मांडतात. रांग विमानतळाच्या दारात न लावता दूरवरच लावता येते. कोणाला थोडे हळू, कोणाला थोडे लवकर, असे आधीच सांगितले की शेवटचा उतार विनाअडथळा मिळतो.

लुइव्हिलची परीक्षा

अमेरिकेतील केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचे शहर आहे. युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीची मालवाहू विमाने तेथे रात्री मोठ्या संख्येने उतरतात. म्हणजे लोक झोपलेले असतात त्याच वेळी! मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन-पॉल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तेथे बोइंग ७६७ विमाने सलग उतारावरून आणून पाहिली. मार्गाखाली सात ठिकाणी आवाज मोजला. नेहमीच्या पद्धतीपेक्षा तो ३.९ ते ६.५ डेसिबलने कमी भरला. तीव्रतेच्या भाषेत सांगायचे, तर ती पूर्वीच्या ४० टक्क्यांपासून २२ टक्क्यांपर्यंत उतरली. इंजिने तीच आणि विमानेही तीच, बदलली ती फक्त वाट.

पण या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. धावपट्टीच्या अगदी जवळ सगळीच विमाने ३ अंशांच्या उतारावर आलेली असतात, त्यामुळे तेथे काही फरक पडत नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून येणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून जातात. धावपट्टी ४ किलोमीटरवर असेल, तर ३ अंशांच्या उतारावरील विमान डोक्यावर जेमतेम २१० मीटर असते. हे भूमितीचे उत्तर आहे. कोणताही संगणक ते बदलू शकत नाही.

भिंगाखालचा कागद

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. उन्हात ठेवलेला कागद जळत नाही, पण तेच ऊन भिंगाने एका ठिपक्यावर आणले की कागद पेट घेतो. ऊन वाढलेले नसते, फक्त एकवटलेले असते.

अमेरिकेतीलच फिनिक्स शहरात आवाजाचे असेच झाले. तेथे सप्टेंबर २०१४ मध्ये उड्डाणाचे नवे, उपग्रहावर आधारलेले मार्ग सुरू झाले. पूर्वी उड्डाणानंतर विमाने थोडी इकडे, थोडी तिकडे पसरत. नवे मार्ग इतके अचूक होते, की एकामागून एक विमाने अरुंद पट्ट्यांतून जुन्या वस्त्यांवरून जाऊ लागली. शहर आणि रहिवासी न्यायालयात गेले. लोकांशी पुरेसा विचारविनिमय न करता मार्ग बदलले म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले. २०१८ साली पश्चिमेकडे निघणारी विमाने पुन्हा जुन्यांसारख्या मार्गांवर आणली गेली.

यात दोष तंत्राचा होता काय? नाही. रेषा अचूक आखण्याचे काम तंत्राने चोख केले. पण ती रेषा कोणाच्या छपरावरून न्यायची, हे तंत्र सांगू शकत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. विमाने पश्चिमेकडे तोंड करून चढत-उतरत असतील, तेव्हा एका धावपट्टीवर उतरणे आणि दुसरीवर उड्डाण असते, आणि दुपारी ३ वाजता त्यांची अदलाबदल होते. आवाज नाहीसा होत नाही, पण प्रत्येक बाजूच्या लोकांना दिवसाचा काही वेळ उसंत मिळते, आणि ती केव्हा मिळणार हे आधी ठाऊक असते.

आता एक गणित तुमच्यासाठी. नकाशावर एखादा विमानतळ शोधा. धावपट्टीच्या रेषेत येणारी एखादी शाळा निवडून तिचे धावपट्टीपासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजा आणि त्याला ५२ ने गुणा. शेवटच्या उतारावरील विमान त्या शाळेवरून किती मीटर उंचीवर जाईल, ते तुम्हांला कळेल. उत्तर आले, की त्या वर्गातल्या मुलांना शिक्षकांचे बोलणे ऐकू येत असेल का, याचाही विचार करा. विमानांच्या वाटा आखताना पहिले उत्तर जेवढे लागते, तेवढेच हे दुसरेही लागते.