परदेशातील नोकरीचा शोध : संकेतस्थळांचा डोळस वापर

रोजगारासाठी गाव सोडणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला माणूस प्रथम गाववाल्यांच्या खोलीवर उतरे आणि त्यांच्याच ओळखीने गिरणीच्या फाटकापर्यंत पोहोचे. नोकरी कोठे आहे, मुकादम कसा आहे, पगार वेळेवर होतो की नाही, ही सर्व माहिती त्याला विश्वासाच्या माणसाकडून मिळे. आज परदेशात नोकरी शोधणाऱ्या तरुणाला हजारो जागांची माहिती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणात मिळते. ती खरी की खोटी, आपल्या उपयोगाची की निरुपयोगी, हे सांगणारा गाववाला मात्र तेथे नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी नोकरीविषयक संकेतस्थळांचा डोळस वापर कसा करावा, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

जर्मनीचे उदाहरण या दृष्टीने उपयुक्त ठरेल. भारत आणि जर्मनी यांच्यात ५ डिसेंबर २०२२ रोजी नवी दिल्ली येथे स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई यांचे भगिनी-शहरांचे नाते तर १९६८ पासूनचे आहे. भारतीय कुशल कामगारांना वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढविण्याचा निर्णय जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. साहजिकच या देशाविषयीचे कुतूहल आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. शासकीय योजनेबाहेर, स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांची संख्याही लहान नाही.

एका वर्षाची मुदत

नोकरी हाती नसतानाही जर्मनीत जाऊन ती शोधण्याची सोय १ जून २०२४ पासून उपलब्ध झाली. तेथे तिला ‘शान्सेनकार्टे’, म्हणजे संधिपत्र असे म्हणतात. किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण किंवा विद्यापीठाची पदवी, जर्मन भाषेची ए-१ अथवा इंग्रजीची बी-२ पातळी आणि अनुभव, वय, भाषाज्ञान इत्यादींवरून मिळणारे किमान सहा गुण, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. ज्याच्या पात्रतेला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळालेली आहे, त्याला गुणांची अट लागू होत नाही.

या सोयीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. संधिपत्राची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अंशवेळ काम आणि एखाद्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणीचे काम करता येते. निर्वाहाची तरतूद आधी दाखवावी लागते. २०२५ साली ही रक्कम दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो, अर्थात बारा लाख रुपयांहून अधिक होती. हा पैसा उमेदवाराचाच असतो. पण त्यातून खोलीचे भाडे आणि जेवणखाण भागवता भागवता तो संपतो. सामान्य कुटुंबात एवढी रक्कम उभी करावयाची म्हणजे बहुधा कर्ज काढावे लागते, दागिने किंवा जमीन गहाण पडते. म्हणून त्या वर्षातील प्रत्येक महिना मोलाचा ठरतो. हा वेळ चुकीच्या ठिकाणी चुकीचे अर्ज करण्यात गेला, तर घरी परत येते ते कर्जच.

शोधापूर्वीचे काम

संकेतस्थळावर पहिला शब्द टंकित करण्यापूर्वी उमेदवाराने एका प्रश्नाचे उत्तर मिळविले पाहिजे. आपण जे काम शिकलो, त्याला त्या देशात काय म्हणतात आणि आपले प्रमाणपत्र तेथे किती ग्राह्य धरले जाते, हा तो प्रश्न होय. अर्ज करूनही उत्तर न येण्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणाचे उदाहरण घेऊ. त्याने ‘इलेक्ट्रिशियन’ हा इंग्रजी शब्द घालून शोध घेतला, तर थोड्याच जागा दिसतील. जर्मनीत या व्यवसायाला ‘एलेक्ट्रोनिकर’ म्हणतात. इमारतींतील वीजजोडणी करणारा आणि कारखान्यातील यंत्रणा सांभाळणारा यांची पदनामे पुन्हा वेगळी आहेत. तेथील हे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. त्यामुळे आपल्या प्रमाणपत्राला पूर्ण नव्हे, तर अंशतः मान्यता मिळण्याची शक्यता अधिक असते. कोणता भाग कमी पडतो हे मान्यतेच्या पत्रात नमूद केलेले असते आणि तो भाग पुढे प्रशिक्षणाने भरून काढता येतो. असे पत्र जवळ असलेल्या उमेदवाराची पात्रता मालकाला चटकन समजते.

ही माहिती शोधण्यासाठी ‘आनएर्केनुंग इन डॉइचलांड’ हे शासकीय संकेतस्थळ आहे. आपला व्यवसाय आणि जाण्याचे ठिकाण निवडले, की अर्ज कोणत्या कार्यालयाकडे करावयाचा हे तेथे कळते. उद्योग व व्यापार क्षेत्रातील बहुतेक व्यवसायांसाठी न्युर्नबर्ग येथील ‘आय.एच.के. फोसा’ ही संस्था, तर कारागिरीच्या व्यवसायांसाठी स्थानिक कारागीर मंडळ हे काम पाहते. विद्यापीठीय पदव्यांची नोंद ‘आनाबिन’ या माहितीसंग्रहात पाहता येते.

परिचारिका, डॉक्टर, शालेय शिक्षक असे काही व्यवसाय तेथे नियंत्रित आहेत. त्यांत मान्यता आणि परवानगी मिळाल्याशिवाय त्या पदावर पूर्ण अधिकाराने काम करता येत नाही. परिचर्येसाठी साधारणतः बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते. केवळ इंग्रजीच्या भरवशावर गेलेल्या परिचारिकेने कितीही अर्ज केले, तरी ही अट टळत नाही.

कोणते संकेतस्थळ कशासाठी?

संकेतस्थळांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार शासकीय. जर्मनीच्या संघीय रोजगार संस्थेचे ‘जॉबझूखे’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. ‘मेक इट इन जर्मनी’ हे परदेशी कुशल कामगारांसाठीचे केंद्र शासनाचे संकेतस्थळ असून, व्हिसा, मान्यता आणि नोकरी या तिन्हींची माहिती तेथे इंग्रजीसह अनेक भाषांत मिळते. नवागताने आरंभ येथूनच करावा.

दुसरा प्रकार खाजगी संकेतस्थळांचा. स्टेपस्टोन, इंडीड, लिंक्डइन आणि झिंग ही त्यांतील परिचित नावे. जागांची संख्या येथे मोठी असते. पण एकच जाहिरात अनेक ठिकाणी दिसते आणि भरलेल्या जागेची जाहिरातही काही काळ तशीच राहते. जाहिरातीची तारीख पाहिल्याशिवाय अर्ज करू नये.

तिसरा प्रकार कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांचा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मोठ्या मोटार कारखान्यांबरोबरच लहान शहरांतून विखुरलेले अनेक मध्यम आकाराचे अभियांत्रिकी कारखाने आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर ‘कारियेरे’ या शीर्षकाखाली रिकाम्या जागा दिलेल्या असतात. खाजगी संकेतस्थळावर जाहिरात पाहून मूळ कंपनीच्या पानावर तिची खात्री करणे आणि शक्य असल्यास तेथेच अर्ज करणे, ही उत्तम रीत होय.

शोध घेताना गाव, त्यापासूनचे अंतर आणि कामाचे स्वरूप या चाळण्या वापराव्यात. नव्या जागांची सूचना ई-पत्राने मिळण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते. तिचा उपयोग केल्यास रोज तासन्‌तास पडद्यासमोर बसावे लागत नाही आणि वाचलेला वेळ भाषेच्या अभ्यासाला देता येतो.

जाहिरात कशी वाचावी?

जर्मन जाहिरातींतील काही शब्द नवागताला ठाऊक असलेच पाहिजेत. पदनामापुढे एम, डब्ल्यू, डी ही अक्षरे असतात. ती जागा सर्व लिंगांच्या उमेदवारांसाठी खुली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. ‘फोल्त्साइट’ म्हणजे पूर्णवेळ आणि ‘टाइल्त्साइट’ म्हणजे अंशवेळ. ‘उनबेफ्रिस्टेट’ म्हणजे बेमुदत आणि ‘बेफ्रिस्टेट’ म्हणजे मुदतीची नोकरी. ‘प्रोबेत्साइट’ हा परिवीक्षेचा काळ असून तो बहुधा सहा महिन्यांपर्यंत असतो.

दोन शब्दांबाबत विशेष सावध राहावे. ‘आउसबिल्डुंग’ असा उल्लेख असेल, तर ती नोकरी नसून शिकाऊ उमेदवारी असते आणि तिचे विद्यावेतन नोकरीच्या पगाराहून बरेच कमी असते. ‘त्साइटआर्बाइट’ म्हणजे कामगार पुरविणाऱ्या संस्थेमार्फत दुसरीकडे काम. अशा नोकरीवर परदेशी व्यक्तीला निवास परवाना मिळण्यात अडचण येऊ शकते. वेतनाचा आकडाही तपासावा. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा लागू आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून हे वेतन ताशी १३.९० युरो ठरविण्यात आले आहे. याहून कमी दर सांगणारी पूर्णवेळ नोकरी संशयास्पद समजावी.

अर्जाची मांडणी

आपल्याकडील परिचयपत्रात वडिलांचे नाव, जन्मगाव, छंद आणि प्रतिज्ञापत्र असते. जर्मनीत ‘लेबेन्सलाउफ’ हे कोष्टकवजा परिचयपत्र एक ते दोन पानांचे असते. त्यात सर्वांत अलीकडचे काम प्रथम आणि जुने नंतर, असा क्रम ठेवतात व प्रत्येक कामापुढे महिना आणि वर्ष लिहितात. मधल्या काळाची पोकळी ठेवू नये. त्या काळात शेती केली असेल किंवा भाषा शिकली असेल, तर तसे लिहावे. छायाचित्र लावणे बंधनकारक नाही.

परिचयपत्रासोबत प्रमाणपत्रे आणि एक पानी अर्ज जोडतात. हा अर्ज सर्वांना एकच पाठविणे हे अपयशाचे मोठे कारण होय. जाहिरातीत मागितलेल्या तीन-चार गोष्टी आपल्याजवळ कशा आहेत, हे त्यात थेट सांगावे. ‘यंत्रदुरुस्तीचा अनुभव’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणती यंत्रे, किती वर्षे आणि कोणत्या प्रकारची दुरुस्ती, हे लिहिणे परिणामकारक ठरते. शंभर ठिकाणी एकच मजकूर धाडण्यापेक्षा विचारपूर्वक केलेले दहा अर्ज अधिक उपयोगी पडतात. कोठे, कोणत्या तारखेला अर्ज केला आणि काय उत्तर आले, याची नोंदवही ठेवावी.

नोकरी मिळाल्यावरही एक टप्पा उरतो. संधिपत्रावर पूर्णवेळ काम सुरू करता येत नाही. नोकरीचा करार घेऊन स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडे योग्य निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

फसवणुकीची ओळख

जेथे गरज असते, तेथे तिचा गैरफायदा घेणारेही असतात. मुलाखत न घेता केवळ संदेशाद्वारे नेमणूक देणे, प्रचलित दराच्या दुप्पट पगार सांगणे, आणि ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा ‘अनामत’ म्हणून आगाऊ पैसे मागणे, या फसवणुकीच्या ठळक खुणा आहेत. जर्मनीत आणखी एक प्रकार आढळतो. नोकरीच्या नावाखाली उमेदवाराला दूरदृश्य ओळखपडताळणी ‘चाचणी म्हणून’ करावयास सांगतात. प्रत्यक्षात त्या पडताळणीतून त्याच्या नावाने बँकखाते उघडले जाते आणि ते गैरव्यवहारासाठी वापरतात. पोलिसांचा ससेमिरा मात्र त्या बिचाऱ्या उमेदवारामागे लागतो.

खात्री करण्याचे साधे उपाय उपलब्ध आहेत. जर्मनीत व्यावसायिक संकेतस्थळावर ‘इम्प्रेसुम’ नावाचे पान कायद्याने आवश्यक असते. त्यावर कंपनीचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक तेथील व्यापार नोंदवहीत ताडून पाहता येतो आणि १ ऑगस्ट २०२२ पासून ही नोंदवही पाहण्यास शुल्क लागत नाही. भारतातील भरती अभिकर्ता नोंदणीकृत आहे किंवा कसे, हे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहावे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

माणसांची मदत

संकेतस्थळ हे केवळ साधन आहे. जर्मनीत प्रौढ स्थलांतरितांसाठी विनामूल्य सल्ला केंद्रे आहेत आणि ती कारिटास, डियाकोनी यांसारख्या समाजसेवी संस्था चालवितात. पात्रतेच्या मान्यतेसंबंधी ‘आय.क्यू.’ या जाळ्यातील केंद्रे, तर वेतन आणि कामगार हक्कांसंबंधी ‘फेअर इन्टेग्रात्सिओन’ ही सेवा मार्गदर्शन करते. नवागताने पहिल्याच महिन्यात या केंद्रांत जावे. पैसे संपत आल्यावर तेथे गेल्यास मदतीला वाव थोडा उरतो.

गावातील मार्गदर्शकांचे कार्य

या सर्व प्रक्रियेची पूर्वतयारी गावातच होऊ शकते आणि तीत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांचा वाटा मोठा आहे. शाळा सोडल्याचा दाखला, औद्योगिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पारपत्र यांवरील नाव व जन्मतारीख जुळते की नाही, हे आधीच तपासून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने परदेशात महिने वाया जातात. तीच दुरुस्ती येथे असताना सोपी असते. पूर्वी काम केलेल्या कारखान्याकडून कामाचे स्वरूप आणि कालावधी नमूद केलेले अनुभवपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे. भाषेचा अभ्यास पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवन किंवा अन्य विश्वसनीय संस्थेत सुरू करावा.

एखादा तरुण परदेशातील नोकरीचे पत्र घेऊन सल्ल्यासाठी आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत : तुझ्या प्रमाणपत्राला तेथे मान्यता आहे का? ही जाहिरात मूळ कंपनीच्या पानावर पाहिलीस का? नोकरीसाठी तुझ्याकडे कोणी पैसे मागितले का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत त्याच्या कुटुंबाने कर्जाच्या कागदावर सही करू नये, असा सल्ला देणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते.