मिनिटाला १९ लाख

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडलेला हा हिशेब. पेशींबरोबर मिनिटाला १४०० कोटी जोडण्या तुटतात, जवळपास १२ किलोमीटर चेतातंतू जातात. तासाचे झाले ७१४ किलोमीटर. अख्खा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्या एका तासात मेंदू ३.६ वर्षांनी म्हातारा होतो.

रात्री अकराला हात लुळा पडतो. कुणीतरी तेल चोळतं आणि म्हणतं, ‘झोपू दे, सकाळी बघू.’ सकाळी सातपर्यंत आठ तास. करा गुणाकार: जवळपास २९ वर्षं!

पुढे माणूस काठी टेकत चालू लागतो, घरचे नवस फेडतात. विसरायला होतं ते त्यानंतर. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये पक्षाघाताचा झटका आलेल्या २३०५ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०१९ साली आले. तीव्र झटका आलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांना वर्षभरात स्मृतिभ्रंश झाला, सौम्य झटक्यानंतर ८ टक्के लोकांना. ‘हात बधिर झाला होता, पण लगेच बरा झाला’ म्हणून आपण सोडून देतो, त्या निसटत्या झटक्यानंतरही ५ टक्के. पाच म्हणजे किरकोळ वाटतील, पण त्याच वयाच्या इतरांच्या ते साडेतीनपट आहेत. तीव्र झटक्यात ही पट ४७ वर जाते.

सगळं खापर त्या एका रात्रीवर फोडता येत नाही, हेही खरं. वय, मधुमेह, कमी शिक्षण, स्कॅनवर आधीच दिसणारे पांढरे डाग, हे सगळे धोका वाढवतात. संशोधक पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी २००९ साली साडेसात हजार रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा दहातल्या एकाला पहिल्या झटक्याआधीच स्मृतिभ्रंश होता. आणखी एकाला तो त्या झटक्यानंतर लवकरच झाला. झटका पुन्हा आला की मात्र तिघांतल्या एकाहून अधिक जणांना.

वय आणि शाळेची वर्षं आता बदलत नाहीत. पण रक्तदाब ताब्यात ठेवला तर दुसरा झटका बऱ्याचदा टाळता येतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत बीपीची गोळी बंद करू नका. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, शब्द अडखळू लागले, तर आधी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा.