ताम्हिणीची सहल : पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

पाऊस सुरू झाला की मुलांचा एकच धोशा असतो, "अब्बा, ताम्हिणीला जाऊ या!" पुण्याहून पौड, मुळशीमार्गे सुमारे ६० किलोमीटर. पण सहा-सात जणांचं कुटुंब निघालं की खर्चाचा आकडा पाहून घरातल्या बायका म्हणतात, राहू दे. खरं तर थोडं ठरवून गेलं तर ही सहल खिशाला जड जात नाही.

पहिली गोष्ट, ताम्हिणीत पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक फुकटच आहे. धुकं, रस्त्याकडेचे धबधबे, मुळशीचा जलाशय यांना तिकीट नाही. पैसे जातात ते रिसॉर्टच्या 'डे पॅकेज'मध्ये. माणशी हजार रुपये धरले तरी सहा जणांचे सहा हजार. त्यातला रेन डान्स आणि स्विमिंग पूल बाहेर पाऊस कोसळत असताना कशाला हवा?

दुसरी गोष्ट, जेवण. बिर्याणी किंवा पराठे-कबाब घरूनच न्या. पैसे वाचतात आणि हलालची चिंताही राहत नाही. चहा, भजी, भाजलेली कणसं मात्र गावकऱ्यांच्या टपरीवरच घ्या. त्यांचा हंगाम चारच महिन्यांचा असतो. रेनकोट, टॉवेल, जादा कपडे आणि जानमाजही सोबत असू द्या.

मोठ्या मुलांना राफ्टिंग करायचंच असेल तर घाट उतरून कोलाडला जावं लागतं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिका नदीत येतं आणि त्या पाण्यावर राफ्ट चालतात. पाणी सकाळी सोडतात, त्यामुळे उशिरा पोहोचलात तर बुकिंगचे पैसे वाया जाऊ शकतात. वेळ, वयाची अट आणि पाऊस जास्त झाल्यास पैसे परत मिळतात का, हे आधीच विचारून घ्या. अशी एकच ॲक्टिव्हिटी निवडा, बाकी दिवस निसर्गात घालवा. रविवार टाळलात तर गर्दीही कमी आणि भावही.

आता जिथे काटकसर करायची नाही, ते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलंही होती. त्याच सुमारास ताम्हिणीच्या प्लस व्हॅलीत कुंडात उडी मारलेला एक जण प्रवाहात ओढला गेला. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की खाली पाणी काही मिनिटांत वाढतं, आपल्या डोक्यावर थेंब नसला तरी. म्हणून धबधबा लांबूनच पाहा. पाणी गढूळ होऊ लागलं की लगेच बाहेर या. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अलर्ट आणि जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश बघा. रेड अलर्ट असेल तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, घरीच थांबा.

वाचवलेले पैसे पुढच्या सहलीला कामी येतील, पण त्यासाठी सगळी मंडळी मगरिबपर्यंत सुखरूप घरी पोहोचायला हवीत.