काळजी आणि चिंताविकार

मृग सरत आला, धूळपेरणी होऊन गेली, आणि आभाळांत ढगाचा ठिपका नाहीं, अशा वेळीं ज्या शेतकऱ्यास रात्रीं झोंप येत नाहीं, तो आजारी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. काळजी ही आमच्या धंद्यांत उपयोगाची वस्तु आहे. तिच्यामुळेंच बियाणें वेळेवर घरांत येतें व सोसायटीचा हप्ता स्मरणांत राहतो. परंतु पाऊस पडला, पीक हातीं आलें, हप्ता फिटला, तरीहि ज्याची काळजी उतरत नाहीं, एक विषय संपतांच दुसरा शोधते, त्याची गोष्ट निराळी. या अवस्थेस वैद्यकांत चिंताविकार म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०१९ मध्यें जगांत सुमारें ३० कोटि लोकांस हा विकार होता. उपचार मात्र चौघांपैकीं जेमतेम एकास मिळतो.

त्याचा एक प्रकार संथ व चिवट असतो. सहा महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवशीं, आवरूं म्हटल्या न आवरणारी चिंता. जोडीला थकवा, चिडखोरपणा, मानपाठ आंखडणें व झोंपेचा बिघाड. दुसरा प्रकार एकाएकीं येतो. एखादा बागाईतदार बाजारांत वजनकाट्यापाशीं उभा असतां त्याची छाती धडधडूं लागते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, आणि आतां आपण मरणार असें त्यास वाटतें. कांहीं मिनिटांत झटका कळसास पोंचतो व मग ओसरतो. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, आणि घरचीं माणसें ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळीं होतात. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. अंगावर बैल चालून आला असतां मूत्रपिंडावरील ग्रंथींतून जो स्राव रक्तांत उतरतो, नाडी जलद करतो व स्नायूंस पळण्यास सिद्ध करतो, तीच क्रिया येथें बैलावांचून घडते. त्रास खराच असतो. पुढें झटक्याच्या भयानें तो गृहस्थ बाजारास जाणेंच टाळूं लागतो, आणि विकार बळावतो तो येथें.

मात्र छातींत प्रथमच कळ आली, तर ती मनाची आहे असें घरच्या घरीं ठरवूं नये. आधीं हृदय तपासून घ्यावें. कंठग्रंथीचा अतिस्राव व रक्तक्षय यांनींहि धडधड होते. औषधफवारणी करून आलेल्या माणसास घाम, कंप व धाप लागली, त्यांतच लाळ सुटली व डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा समजून तत्काळ रुग्णालय गांठावें. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें विसरण्याजोगें नाहीं.

मग वैद्याकडे केव्हां जावें? चिंतेमुळें काम अडूं लागलें, झोंप कित्येक आठवडे उडाली, माणसांत जाणें सुटलें, किंवा झोंपेसाठीं दारू लागूं लागली, म्हणजे वाट पाहूं नये. दारूनें रात्र निभते, पण तिची धुंदी उतरतांना चिंता अधिकच वाढते. जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार कोणी बोलून दाखविला, तर त्यास एकटें सोडूं नये, घरांतील कीटकनाशकें कुलपांत वा अन्यत्र हलवावींत, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली असून तेथें मराठींतहि बोलतां येतें. जिल्हा रुग्णालयांतहि मनोविकारांची चौकशी करावी.

उपचार दोन आहेत. एक, जाणत्या समुपदेशकाबरोबर कांहीं आठवडे बसून, ज्याचें भय वाटतें त्यास थोडें थोडें सामोरें जाणें. दुसरा औषधाचा. त्याचा गुण दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पंधरवड्यांत तें टाकूं नये, आणि बरें वाटलें तरी वैद्यास विचारल्यावांचून एकाएकीं बंद करूं नये. तात्काळ झोंप आणणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय जडते; शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या आणणें तर सर्वस्वीं टाळावें.