भिडे वाडा : एका शाळेची आणि एका वास्तूची कैफियत

स्थळ : पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर, तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता.

आरंभ : स्त्रीने अक्षर गिरविणे हेच ज्या काळी अधर्म मानले जाई, त्या काळी, १८४८ साली, जोतीराव फुले यांनी या वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि शिकविण्यास कोणी धजेना, तेव्हा पतीपाशीच अक्षरओळख झालेल्या सावित्रीबाईंनी ती जबाबदारी शिरावर घेतली.

विस्तार : लोकक्षोभ आणि द्रव्याची चणचण यांमुळे हा उपक्रम लवकरच खंडित झाला, तरी ३ जुलै १८५१ रोजी त्याच पेठेतील चिपळूणकरांच्या वाड्यात नवी शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबरला, विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला.

मागणी : १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी, निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा आग्रह धरला.

वास्तूची अखेर : दुकानांच्या पाट्यांआड झाकली गेलेली ही जीर्ण इमारत स्मारकासाठी ताब्यात घेण्याची बाब वर्षानुवर्षे न्यायालयात पडून होती, भाडेकरूंचे अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फेटाळले, आणि डिसेंबरात वाडा जमीनदोस्त झाला. ज्या भिंतींनी पहिले धडे ऐकले त्या गेल्या. धडे मात्र घरोघर पोहोचले आहेत.