अक्कलकाढा: नाव एक, वनस्पती अनेक

लहानपणी दाढ दुखू लागली की आजी परसातल्या ओलसर कोपऱ्यातून एक पिवळे बोंड खुडून आणी. “चाव, पण गिळू नकोस,” म्हणे. क्षणात जिभेला मुंग्या येत, तोंड लाळेने भरे आणि हिरडी बधिर होई. त्या बोंडाला ती अक्कलकाढा म्हणे. पुढे काष्ठौषधींच्या दुकानात मी अक्कलकाढा मागितला, तर दुकानदाराने करड्या मुळ्या पुडीत बांधून दिल्या. चावून पाहिल्या, तर तीच झिणझिणी. मग खरा अक्कलकाढा कोणता?

मुळी आहे अॅनासायक्लस पायरेथ्रम या वनस्पतीची. तिचा मायदेश मोरोक्को-अल्जीरियाकडचा. अरबी वैद्यकातले ‘आकिरकर्हा’ हे तिचे नाव संस्कृतात ‘आकारकरभ’ झाले आणि मराठीत अक्कलकाढा. म्हणजे या नावाच्या मुळाशी ना अक्कल, ना काढा. आजीचे बोंड अॅक्मेलाचे. दोघींचे कूळ सूर्यफुलाचे, पण प्रजाती वेगळ्या. दोघींत अल्किलअमाइड गटातली द्रव्ये असतात. अॅक्मेलातल्या मुख्य द्रव्याला स्पिलँथॉल म्हणतात. झिणझिणी त्यांचीच. लोकांनी नाव दिले ते रूपाला नव्हे, जिभेच्या अनुभवाला.

शास्त्रीय नाव वापरले की घोटाळा मिटतो, असे मला वाटे. काही वर्षांपूर्वी घरच्या दंतमंजनासाठी मुळीची पूड हवी होती. मी मोठ्या शहाणपणाने लॅटिन नाव कळवले, पण अर्धेच: ‘पायरेथ्रम’. आलेली पूड पिवळसर होती, वास शेवंतीच्या वळणाचा. चिमूट जिभेवर ठेवणार, तोच पाकिटामागे बारीक अक्षरांत शब्द दिसला: कीटकनाशक.

चूक विक्रेत्याची नव्हती. ‘पायरेथ्रम’मध्ये अग्नीचा ग्रीक शब्द आहे, हे नाव तिखट मुळीला प्राचीन काळीच मिळाले. पुढे तेच नाव एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियातल्या, पांढऱ्या पाकळ्यांच्या शेवंतीसारख्या फुलालाही चिकटले. आज तिला टॅनासेटम सिनेररीइफोलियम म्हणतात. तिच्या फुलांतली पायरेथ्रिन्स कीटकांच्या मज्जातंतूंतली सोडियमची दारे मिटू देत नाहीत. कीटक लुळा पडून मरतो. जपानमध्ये एइइचिरो उएयामा यांनी 1890 मध्ये याच फुलांच्या पुडीपासून डास पळवणारी उदबत्ती केली. तिचीच पुढे वेटोळी झाली. 1949 मध्ये अॅलेथ्रिन हे पायरेथ्रिनसारखे कृत्रिम द्रव्य तयार झाले आणि तेव्हापासून अशा द्रव्यांची रांगच लागली.

माणसाला पायरेथ्रिन्सचे विष तुलनेने सौम्य, पण म्हणून ती दात घासायची वस्तू होत नाही. काहींना त्यांची अॅलर्जी होते. माशांना तर ती घातकच. गंमत अशी की, आजीच्या बोंडातले स्पिलँथॉलही डासांच्या अळ्या मारते. औषध आणि विष यांच्यामध्ये नाव कधीच भिंत उभी करत नाही. वनस्पती कोणती, तिचे अंग कोणते, मात्रा किती, यावरच सारे ठरते.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बरणीवर मी तीन गोष्टी लिहितो: मराठी नाव, पूर्ण शास्त्रीय नाव आणि अंग, म्हणजे मूळ की फूल. अर्धे नाव लिहायचे नाही, ही अक्कल मला काढ्याने नाही, त्या पाकिटाने दिली.