बुरशी पुसण्याआधी पाणी शोधा

साकीनाक्याच्या खैरानी रोडकडच्या दाटीवाटीच्या वस्तीत जुलै-ऑगस्टमध्ये कपाट जरा पुढे ओढलं, तर मागची भिंत काळी पडलेली दिसते. मग फडक्यानं पुसायचं, वरून रंगाचा हात मारायचा, आणि पंधरवड्यात डाग पुन्हा हजर. यात पुसणाऱ्याचा हलगर्जीपणा नाही. इलाज चुकीच्या जागी होतो आहे.

बुरशीचे बीजाणू काही मायक्रॉन आकाराचे असतात आणि हवेत बाराही महिने तरंगतात. त्यांना दाराबाहेर ठेवता येत नाही. खायला त्यांना धूळ, पुठ्ठा, प्लायवुड, रंगातला चिकट अंश, काहीही चालतं. अडतं फक्त पाण्यावाचून. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांवर बरेच दिवस टिकली की बीजाणू रुजतात. त्यासाठी भिंतीतून पाणी गळायलाच हवं असं नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. अशा हवेतली वाफ साधारण 25 अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. फरक फक्त तीन अंशांचा! थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच पावसानं निवलेल्या बाहेरच्या भिंतीला आतून येतो. कपाटामागे हवा खेळत नाही, म्हणून सुरुवात तिथून होते. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं तरी बराच फरक पडतो.

आता घरातलं पाणी. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत घरात सुमारे 22 लिटर पाणी हवेत गेलेलं असतं, आणि त्यात भाताची वाफ धरलेलीच नाही. दोरीवरचे ओले कपडे आणि मोरी यांची भर वेगळी. एकाच खोलीत स्वयंपाक, आंघोळ आणि झोप असलेल्या घरात ही वाफ जाणार कुठे? ‘बाहेर एवढा दमटपणा, खिडकी उघडून काय होणार?’ असं पुष्कळांना वाटतं. पण चूल पेटलेली असताना खोलीतली हवा बाहेरच्याहून जास्त दमट असते. त्या वेळी पावसाची झड आत येत नसेल तर खिडकी उघडावीच. बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा बसवता आला तर फारच उत्तम.

आलेली बुरशी कोरड्या ब्रशनं खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडावर मास्क लावून साबणाच्या पाण्यानं घासा आणि जागा पूर्ण कोरडी करा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ओल्या घरात राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट केलं आहे. दमेकरी मुलाला साफसफाईच्या वेळी शेजारी पाठवा.

आणि गणपतीच्या तोंडावर ओल धरलेल्या भिंतीला रंग देऊ नका. ओल आतच कोंडते आणि पोपडे सुटतात. मुंबईतून मोसमी पाऊस सरासरी 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतरच्या उन्हात भिंत वाळू द्या, गळती बुजवा आणि रंगाचं काम दिवाळीला काढा.